जिथे गाडी थांबली नव्हती

मालवणहून कसालकडे जाताना आमच्या गावात एसटीचा जो थांबा लागतो, त्याला कंडक्टर नुसतं 'खांब' म्हणतो. गावाचं नाव घेतलं तर उलट तोच विचारतो, "खांबाकडे काय?" चिऱ्याच्या चौथऱ्यावर पुरुषभर उंचीचा सिमेंटचा खांब, त्याच्या छातीवर संगमरवरी पाटी. पाटीवर देशाच्या एका फार मोठ्या पुढाऱ्याचं नाव, आणि खाली ओळ: 'मालवणच्या सभेस जाताना येथे थांबून त्यांनी ग्रामस्थांशी संवाद साधला.' ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण गावातही ते कोणी घेत नाही. आमच्याकडे सगळे त्यांना 'खांबावरले' म्हणतात.

खांबावरले हयातीत देवधर्माच्या फारसे वाटेला गेले नव्हते, असं मी वाचलं आहे. पण मेल्यावर ते आमच्या तावडीत सापडले. खूप वर्षांपूर्वी चिऱ्यांनी भरलेल्या एका ट्रकचा उतारावर ब्रेक गेला आणि तो ट्रक नेमका खांबाच्या चौथऱ्याला टेकून उभा राहिला. ड्रायव्हर खाली उतरला, खांबाच्या पाया पडला आणि समोरच्या दुकानातून नारळ आणून तिथे फोडला. झालं. तेव्हापासून गावात नवी गाडी आली की आधी खांबाकडे नारळ, चाकाखाली लिंबू. मुंबईला चाललेला माणूस एसटी येईपर्यंत खांबाला पाठ लावून उभा राहतो आणि चढताना हात जोडतो. आंब्याची पहिली पेटी वाशीला जायच्या आधी दोन मिनिटं तरी चौथऱ्यावर टेकवतात. माझ्या चुलत भावाने तर ड्रोन घेतला, तोही तिथे नेऊन ठेवला होता.

या सगळ्याला गावात एकाच माणसाचा विरोध होता, तो म्हणजे माझे वडील. अण्णा. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, दात नाहीत, तोंड मात्र भरपूर. कोणी खांबाकडे नारळ घेऊन निघालं की अण्णा पडवीतून सांगायचे की गाडी तिथे थांबलीच नव्हती. ती पुढे, वळणापलीकडच्या विहिरीकडे थांबली होती आणि तिथे त्या माणसाला पाणी दिलं ते अण्णांनी. तिथे दुसरं कोणी नव्हतं.

हे आम्ही जन्मल्यापासून ऐकत होतो आणि जन्मल्यापासून सोडून देत होतो. त्याला कारण होतं. अण्णांनी वालावलच्या तळीकाठी छत्रीने मगर हाकलली होती. फोंडाघाटात उतरणीला लागलेली रिकामी एसटी चाकाखाली दगड सारून अडवली होती. माझ्या लहानपणी ती एसटी रिकामी होती. मी दहावीला गेले तोवर तिच्यात पाच माणसं बसली. माझ्या लग्नात अण्णांनी व्याह्यांना ती गोष्ट सांगितली तेव्हा एसटी भरून माणसं टपावर चढली होती. असल्या माणसाने आणखी एका मोठ्या माणसाला पाणी पाजलं, तर त्याचं आम्हाला काय?

मी तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. निवृत्त झाले, आई गेली, तेव्हा अण्णांजवळ येऊन राहिले. नवरा कुडाळच्या घरी कुत्रा आणि टीव्ही सांभाळतो आणि शनिवारी माशांचं जेवण जेवायला येतो. आमचं बरं चाललं आहे. मी हे सांगते ते एवढ्यासाठी, की आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज वाचून वाचून कुठला माणूस खरं सांगतो आणि कुठला रंगवून, हे मला कळतं असा माझा समज होता.

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर रस्ता रुंद करायचं काम आमच्या गावापर्यंत आलं. एक तरुण साहेब पांढरी टोपी घालून आले. फार सभ्य मुलगा. त्याने खांबाला आधी नमस्कार केला आणि मग सांगितलं की हा इथून काढावा लागेल. राष्ट्रीय नेत्याचं स्मारक आहे, त्यामुळे सन्मानाने हलवू, गाव सांगेल त्या सरकारी जागेत पुन्हा उभारू, पण जागा आठ दिवसांत कळवा. ही बातमी दुपारी जेवणाच्या वेळी घरी आली. अण्णांनी सोलकढीची वाटी अर्धी ठेवली, हात धुतले आणि मला इस्त्रीचा सदरा काढायला सांगितला.

बैठक देवळाच्या सभामंडपात झाली. गावाच्या बैठकीत पहिला तास कोण कुठे बसणार यात जातो, तसा तो गेला. मग जागा सुचवायला सुरुवात झाली. शाळेकडे, ग्रामपंचायतीसमोर, नव्या थांब्याच्या शेडमागे. खांबासमोर हॉटेल चालवणारी वैनी म्हणाली, खांब जाईल तिथे माझा स्टोव्ह जाईल, तेवढं लक्षात ठेवून ठरवा. तिच्या बटाटवड्यावर अर्ध्या गावाची सकाळ चालते, त्यामुळे तिचं बोलणं सगळ्यांनी गंभीरपणे घेतलं.

मग अण्णा काठीवर जोर देऊन उठले. त्यांनी जे सांगितलं ते आम्ही पाठ म्हणून दाखवलं असतं. गावाने देवळाच्या तिठ्यावर कमान उभारली होती, म्हातारेकोतारे हार घेऊन सकाळपासून उभे होते. उशीर झाल्यामुळे गाड्या कमानीखालून धुरळा उडवत निघून गेल्या. कोणी उतरलं नाही, काच खाली झाली नाही. पुढे वळणापलीकडे चढावर एका गाडीचं पाणी उकळलं आणि ती विहिरीपाशी थांबली. त्यातच ते होते. नंतर काही वर्षांनी स्मारक करायचं ठरलं, तेव्हा ज्यांच्या हातात हार राहिला त्याच लोकांनी खांब कमानीच्या जागी लावला. पाटीवर लिहिलं की संवाद साधला. कोणाशी?

"धुरळ्यावांगडा संवाद," अण्णा म्हणाले. "आता सरकारच काढता हा, तर खऱ्या जाग्यार न्हेवन लावा."

 मग मागून कोणीतरी विचारलं की त्या गाडीच्या टपावर किती माणसं बसली होती. सगळे हसले. वैनी पदर तोंडाला लावून हसली. आणि मी खोटं कशाला सांगू, मीही हसले. अण्णांनी मान वळवली ती नेमकी माझ्याकडे. मग ते खाली बसले. जागा ठरली नाही. शेवटी गावकराने सांगितलं की येत्या सोमवारी देवाला कौल लावू, देव सांगेल तसं करू.

गावकर म्हणजे आमच्या देवळाचा पहिला मानकरी. साठीचा, अंगाने आडवा, आवाजाने उभा. गावात काहीही करायचं तर देवासमोर गाऱ्हाणं तो घालतो. आणि अण्णा ज्या हारवाल्या म्हाताऱ्यांना नावं ठेवत होते, त्यांत सगळ्यात मोठा हार याच्या आज्याच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी वडा मागितला नाही, पेपर मागितला नाही, कोणालाही खांबावरून टोकलं नाही. संध्याकाळी मला म्हणाले की कचेरीच्या भाषेत एक अर्ज लिही, साहेबाला देऊया. मनात म्हटलं, हसल्याचा दंड भरून टाकू. वही घेतली. 'मी खाली सही करणार, वरील गावचा कायम रहिवासी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की' इथपर्यंत माझा हात आपोआप गेला. पुढचं त्यांनी सांगायचं होतं.

पहिला अर्ज लांबला म्हणून मी फाडला. दुसऱ्यावर त्यांच्या चहाचा कप कलंडला. तिसऱ्या वेळी त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं, आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. तिन्ही वेळा गोष्ट तीच होती. काजूच्या झाडावर वाळत घातलेला ओला सदरा तोच. दोन घागरी गाडीला आणि तांब्याभर माणसाला, मापही तेच. गाडीतली माणसं तीन: ड्रायव्हर, ते, आणि त्यांच्याबरोबर एक मराठी बोलणारा कार्यकर्ता. मगरीची शेपटी दर खेपेला हातभर वाढते, आणि ही गोष्ट मात्र साठ वर्षांत बोटभरही वाढली नव्हती. हे माझ्या डोक्यात तोवर कधी आलंच नव्हतं. आपल्याच बापाचं बोलणं कोण मन लावून ऐकतं?

मी वैतागून विचारलं, की एवढा मोठा माणूस तुमच्याशी काय बोलला ते का सांगत नाही? दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, पाठीवर हात ठेवला, शाब्बास म्हणाले. तुमच्या गोष्टीत नुसतं पाणी.

अण्णा काठीच्या मुठीशी खेळत बसले. मग म्हणाले की सांगतो, पण अर्जात लिहायचं नाही.

त्या दिवशी अण्णा कमानीकडे गेले नव्हते, कारण अंगावर घालायचा सदरा एकच आणि तो वाळत होता. विहिरीवर ते लंगोटीवर बैल धूत होते. गाडी थांबली, एक माणूस उतरला आणि पाय मोकळे करत थेट विहिरीच्या काठावर चढला. पायात चपला. फोटो कोणी पाहिला होता? अण्णांना वाटलं, कोल्हापूरकडचा कोणी व्यापारी असेल. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, "ओ, पायताणां काढून चढा. प्यायचा पाणी आसा." बरोबरच्या माणसाने ते त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मुकाट्याने चपला काढल्या आणि खाली ठेवल्या.

एवढ्यावर थांबतील तर ते अण्णा कसले. घागर ओढता ओढता त्यांनी आपलं मन मोकळं केलं. आज कोण तरी मोठा पुढारी येणार म्हणून रस्त्यावर खडी टाकली आहे, उद्या उचलून नेतील. आमचे म्हातारे सकाळपासून उन्हात हार घेऊन उभे आहेत, पण त्या माणसाला कसली फुरसत, तो कुठला थांबतो, त्याला भाषणाची घाई. बरोबरचा तो कार्यकर्ता यातला एकेक शब्द त्यांना सांगत होता. "एक अक्षर गाळल्यान नाय मेल्यान," अण्णा म्हणाले, आणि इतक्या वर्षांनंतरही त्यांचा चेहरा पडला.

तोवर हसत ऐकणारे ते पाहुणे हसायचे थांबले. कमान कुठे होती, ती माणसं किती वेळ उभी होती, असं त्यांनी विचारलं. परत जाऊया म्हणाले. तेवढ्यात पुढे गेलेली दुसरी गाडी शोधत आली, माणसं धावत उतरली, हात जोडून अदबीने बोलू लागली, आणि समोर कोण उभं आहे ते अण्णांना तेव्हा कळलं. सभेला उशीर झाला म्हणून सगळ्यांनी त्यांना जवळजवळ ढकलतच गाडीकडे नेलं. चपला घालताना ते पुन्हा वळले आणि काही बोलले. त्या कार्यकर्त्याने मराठीत सांगितलं: "साहेब म्हणतात, त्या म्हाताऱ्या माणसांना माझा निरोप दे. चूक माझी झाली. मला माफ करा."

अण्णा तसेच लंगोटीवर कमानीकडे धावले. तिथे गावकराचा आजा हार हातात घेऊन बसला होता. अण्णांनी तोंड उघडताच त्याने त्यांना गप्प केलं. सगळं गाव सजून उभं आणि तो माणूस थांबला तो या नागड्या पोरापाशी, हे त्याला ऐकवणारच नव्हतं. पुढे खांब उभा राहिला. मग निरोप सांगायचा म्हणजे पाटी खोटी म्हणायची. पाटी खोटी म्हटली की लोक विचारणार, तुझ्याशी काय बोलले ते सांग. ते सांगायचं म्हणजे आपण काय बडबडलो ते सांगायचं. म्हणून अण्णा नुसतं पाणी दिलं म्हणत राहिले, आणि ज्या म्हाताऱ्यांना निरोप होता ते एकेक करून गेले.

"माका मोठेपण नको होता गो," ते म्हणाले. "माका निरोप दिलेलो. तो माझ्याकडेच रवलो."

मी वही मिटली. आयुष्यात हजारो अर्ज वाचले, पण बढाया मारणारा माणूस स्वतःला लंगोटीवर उभा करून असा चुकीचा ठरवत नाही, एवढं मला त्या क्षणी नक्की कळलं. लाज मला माझीच वाटली. पण आमच्या घरात असलं काही तोंडावर बोलायची पद्धत नाही. मी उठले आणि त्यांना आवडतात तशी, चहात बुडवून खायची तांदळाच्या पिठाची बोरं तळली.

सोमवारी कौल लावला. आमच्याकडे देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शाळेकडे न्यायचं का विचारलं, डावी पडली. पंचायतीसमोर का, पुन्हा डावी. शेडमागे का, दोन्ही बाजू हलेनात. गुरव घामाघूम झाला. शेवटी कोणीतरी दबकत म्हणालं की म्हाताऱ्याची विहीर विचारून बघा. उजव्या खांद्यावरची पाकळी प्रश्न पुरा व्हायच्या आधीच पडली.

सगळं गाव खूश. वैनीने तिथल्या तिथे विहिरीजवळची सावली कुठे पडते याची चौकशी सुरू केली. मी धावत घरी आले आणि अण्णांना सांगितलं. वाटलं होतं, उठून नाचतील. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

"देवान सांगल्यान म्हणान न्हेतत," ते म्हणाले. "मी सांगलंय तेवा तुमी हसलास."

त्या 'तुमी'त मीही होते, ते मला टोचलं.  खांब त्यांच्या जागी जाणार होता आणि तरी त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. उद्या देवाने स्मशानाकडे सांगितलं असतं तर लोकांनी तिकडेही नेऊन लावला असता. त्यांनी साहेबाला द्यायचा, अर्धाच राहिलेला अर्जही माझ्याकडून मागून घेतला आणि घडी करून पंचांगात ठेवून दिला.

दोन दिवसांनी गावकर आमच्या पडवीत आला. पायातलं काढून, खाली बसून, जरा अवघडून. म्हणाला की खांब उचलायच्या दिवशी गाऱ्हाणं मला घालायचं आहे. एखादी जागा सोडून दुसरी धरायची तर देवाला त्या जागेची हकीगत सांगावी लागते, आणि देवासमोर मी ऐकीव आणि खोटं बोलत नाही. बाकी कोणी जिवंत नाही. तेव्हा तुम्ही खरं काय ते सांगा.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा ठेवायला आत गेले आणि दाराआड उभी राहिले. अण्णांनी सगळं सांगितलं. सदरा, लंगोटी, चपला, खडी, भाषणाची घाई, सगळं. त्याच्या आज्याने गप्प केलं तेही गाळलं नाही. निरोपापाशी आले तेव्हा तो त्यांनी दोनदा सांगितला.

गावकर भडकेल असं मला वाटत होतं. तो चहा पूर्ण थंड होईपर्यंत बसला. मग म्हणाला की त्याच्या आजी-आज्याचं भांडण झालं की आजी नेहमी एक टोमणा मारायची: तुमचा हार शेवटी बैलाच्याच गळ्यात पडला. घरात त्याचा अर्थ कोणाला माहीत नव्हता, सगळ्यांना ती म्हातारीची बडबड वाटायची. एवढं सांगून तो उठला, अण्णांच्या पायाला हात लावला आणि गेला. गाऱ्हाण्यात काय सांगणार ते काही बोलला नाही.

खांब हलवायचा दिवस म्हणजे जत्राच होती. साहेब टोपी घालून हजर. गवंड्यांनी चौथऱ्याचे चिरे एकेक करून सुटे केले, जेसीबीने खांबाला पट्ट्यात धरून असं अलगद उचललं की बायकांनी हात जोडले. टेम्पोत खांब आडवा ठेवताना वाद झाला, डोकं पुढे की पाय पुढे. शेवटी पाटी आभाळाकडे करून ठेवला आणि पुढे ढोल, मागे टेम्पो, त्यामागे अडकलेली मालवणची एसटी आणि तारकर्लीला निघालेल्या पर्यटकांच्या चार गाड्या, अशी मिरवणूक वळणापलीकडे गेली. पर्यटकांनी फोटो काढले. त्यांनी हा कुठला देव आहे असं विचारल्यावर गावाला नीटसं उत्तर देता आलं नाही.

विहिरीला आता लोखंडी जाळी आहे, पण पाणी अजून तसंच आहे. दुपारपर्यंत खांब सिमेंटमध्ये उभा राहिला. पाटी बदलायची का असं साहेबाने विचारलं. मी ती वाचली आणि नको म्हणून सांगितलं. एकही अक्षर बदलायची गरज नव्हती.

मग गावकर पुढे झाला. उपरणं कमरेला बांधलं, हात जोडले. गाऱ्हाण्याची आमची रीत अशी की तो एकेक गोष्ट देवापुढे मांडतो आणि प्रत्येक गोष्टीवर जमलेल्या सगळ्यांनी एका आवाजात होकार द्यायचा. होकार न देता उभं राहायचं नसतं. अण्णा खुर्चीत बसले होते, ते काठी टेकून उठले.

आधी नेहमीचं झालं: गावाची सीमा, लेकरंबाळं, गुरंढोरं, मुंबईकर. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. लोक सवयीने म्हणत होते, काही जण मोबाइल बघत. मग गावकराने श्वास घेतला.

"बा देवा म्हाराजा, ह्या माणसाची गाडी आमच्या कमानीकडे थांबाक नाय. माझ्या आज्यान आणि त्याच्या सोबत्यांनी ती थांबली म्हणान पाटी लावली. ती आमची चूक झाली, ती पोटात घाल म्हाराजा."

 मोबाइल खाली आले. मग आधी चारदोन आणि मागून सगळे: व्हय म्हाराजा.

"गाडी थांबली ती हय. ह्या तुझ्या लेकरान तेंका पाणी दिल्यान, आणि न वळखता दोन शब्द जास्त बोलल्यान. ता सगळा माफ कर म्हाराजा."

यावर हशा पिकला, पण तो बैठकीतला हशा नव्हता. वैनी सगळ्यात मोठ्याने म्हणाली. व्हय म्हाराजा.

गावकराचा आवाज जरा खाली आला. "जाताना तेंनी आमच्या म्हाताऱ्यांका निरोप दिलो, चूक माझी झाली, माका माफ करा. ज्यांका दिलो ते आता ऱ्हवले नाय. आमी तेंची पोरां-नातवंडां हय उभी आसव. तो निरोप आज आमका पोचलो, आमी तो घेतलो, असा मान म्हाराजा."

व्हय म्हाराजा. विहिरीत तो आवाज घुमून परत वर आला. साहेबानेही म्हटलं. मी म्हटलं, आणि मी म्हणताना अण्णांनी मान वळवलेली मला दिसली. त्यांचे डोळे भरले होते. आई गेली तेव्हाही ते लोकांसमोर रडले नव्हते. त्या दिवशी सगळ्या गावासमोर रडले आणि सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं. मला इतका आनंद झाला की मलाही रडू आलं.

परत येताना रिक्षात ते काठी मांडीवर आडवी धरून बसले होते. मग रस्त्याकडेच बघत म्हणाले, "तू पण म्हटलंस काय गो?"

"म्हटलंय."

"रीत म्हणान?"

"नाय, अण्णा. खरा म्हणान."

त्यांनी मान हलवली. "मगे निरोप पोचलो," ते म्हणाले.